खुराकाने बैल पळतो का?

धानाची मळणी आटोपून तणसीचे ढीग लागले की गडचिरोलीतल्या चामोर्शी तालुक्यात शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस येतात. धान निघालेल्या शेतातले बांध मोडून धावपट्टी तयार होते, हलके छकडे बाहेर निघतात, पंचक्रोशीतल्या जोड्या टेम्पोतून उतरतात. दिवसा पट आणि रात्री देसाईगंजच्या एखाद्या मंडळाचं नाटक, असा झाडीपट्टीतला हिवाळा असतो. पटावर एखादी जोडी नजरेत भरली की लोक धुरकऱ्याभोवती जमतात आणि वय, किंमत, जात यांच्याही आधी एकच गोष्ट विचारतात: "काय चारतोस गा जोडीले?"

उत्तरं ठरलेली असतात आणि थोडी राखूनही दिलेली असतात. उडदाचं पीठ, सरकीची ढेप, तुरीची चुनी, दूध, अंडी, तूप, गूळ, ऐपत असेल तर बदाम. अलीकडे या यादीत कॅल्शियमच्या बाटल्या, व्हिटॅमिनची इंजेक्शनं आणि 'ताकदीची' म्हणून विकली जाणारी पावडर यांची भर पडली आहे. माणूस स्वतः उसनवारी करतो, पण पटाच्या जोडीला कमी पडू देत नाही. म्हणून हा प्रश्न मनापासून आणि नीट विचारायला हवा: यातल्या कशाने बैल खरोखर जास्त वेगाने पळतो?

या प्रश्नावर जगात सर्वांत जास्त काम झालं आहे ते घोड्यावर. कारण उघड आहे. घोड्यांच्या शर्यतीत शतकानुशतकं पैसा ओतला गेला. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर १८८३ पासून घोडे पळत आहेत. तिथली इंडियन डर्बी १९४३ पासून भरते आणि तिचं अंतर २,४०० मीटर आहे. अशा शर्यतीत अर्ध्या सेकंदाच्या फरकाने लाखो रुपयांची उलाढाल होते, तेव्हा तो अर्धा सेकंद बाटलीत मिळेल का याचा शोध घेणारे निघणारच. त्यांना काय सापडलं ते आधी पाहू, मग बैलाकडे येऊ.

शर्यतीचा घोडा हा पळण्यासाठीच घडलेला प्राणी आहे. उभा असताना त्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं आणि भरधाव पळताना हाच आकडा २२० ते २४० वर जातो. त्याची प्लीहा तांबड्या रक्तपेशींचं राखीव कोठार आहे. घोडा पळू लागला की ती आकुंचन पावते आणि साठवलेल्या पेशी रक्तात सोडते. एरवी रक्तात पेशींचा भाग चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो, तो काही क्षणांत साठ टक्क्यांच्या वर जातो. खेळाडू माणसं डोंगरावर राहून किंवा बंदी असलेली औषधं टोचून जे मिळवू पाहतात, त्याहून कितीतरी जास्त घोड्याला जन्मतः मिळालेलं असतं. पहिल्या दर्जाचा मनुष्य-धावपटू प्रत्येक किलो वजनामागे मिनिटाला साधारण ८० मिलिलिटर प्राणवायू वापरतो. चांगला थरोब्रेड घोडा त्याच्या दुप्पट वापरतो.

आणि इथेच खुराकवाल्यांची पंचाईत होते. भांडं काठोकाठ भरलेलं असेल तर त्यात आणखी काय ओतणार? क्रिएटिन हे व्यायामशाळांमधलं लाडकं चूर्ण घ्या. माणसाच्या स्नायूत ते थोडंफार वाढतं आणि छोट्या जोरकस हालचालींना त्याची मदतही होते. घोड्याच्या स्नायूत मात्र क्रिएटिन मुळातच भरपूर असतं आणि तोंडावाटे दिलेलं त्याच्या आतड्यातून नीट शोषलं जात नाही. घोड्यांना ते देऊन पळवून पाहिलं, कामगिरीत फरक दिसला नाही. कार्निटिनची कथाही अशीच. लोहाच्या टॉनिकचा खप मोठा आहे, पण चांगलं खाणाऱ्या घोड्यात लोहाची कमतरता क्वचितच असते, उलट जास्तीचं लोह यकृतात साठून राहतं.

खाण्याच्या सोड्याचा प्रयोग याहून धीट होता. जोरात पळताना स्नायूत आम्ल साठतं आणि पाय जड होतात. मग रक्तात आम्ल मारणारा सोडाच का चढवू नये, असा विचार करून घोड्याच्या नाकातून नळी घालून सोडा, साखर आणि पाणी थेट पोटात सोडण्याची पद्धत निघाली. तिला 'मिल्कशेक' असं साळसूद नाव मिळालं. प्रयोगांमध्ये याचे निकाल कधी थोडे बरे, कधी शून्य असे आले, आणि नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर घोडा दगावण्याचा धोका कायमचा. बहुतेक देशांत शर्यतीआधी रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. तो लिटरला ३६-३७ मिलिमोलच्या वर गेला तर घोडा बाद.

कोबाल्टचं वेड आणखी वाईट. कोबाल्टने माणसाच्या शरीरात तांबड्या पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून घोड्यांनाही कोबाल्टची इंजेक्शनं दिली गेली. घोड्यांवर तपासून पाहिलं तेव्हा तांबड्या पेशी वाढल्याच नाहीत. घोड्यांना घाम फुटला, स्नायू थरथरले, अस्वस्थता आली. काहींनी त्याही पुढे जाऊन माणसासाठी बनवलेलं एरिथ्रोपोएटिनच घोड्याला टोचलं. काही घोड्यांच्या शरीराने त्याला परकं मानून प्रतिपिंडं तयार केली. त्या प्रतिपिंडांनी घोड्याचं स्वतःचं संप्रेरकही निकामी केलं आणि रक्त वाढण्याऐवजी जीवघेणा पंडुरोग झाला. दम्याच्या औषधांपैकी क्लेनब्युटेरॉलने घोड्याची चरबी घटते, स्नायू उठून दिसतात, पाहणारा खूश होतो. पण अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात घोड्यांना ते दीर्घकाळ देऊन फिरत्या पट्ट्यावर पळवलं तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता घसरलेली आढळली. अंगावरचं तेज आणि अंगातला दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पटावर जोडी निवडताना आपणही यात नेहमी गल्लत करतो.

सेक्रेटेरिएट नावाच्या अमेरिकन घोड्याने १९७३ च्या जूनमध्ये बेलमाँट स्टेक्सचं दीड मैलाचं अंतर २ मिनिटं २४ सेकंदांत कापलं. त्याच वर्षीची केंटकी डर्बीही त्याने दोन मिनिटांच्या आत जिंकली. त्यानंतर पन्नास वर्षांत खुराकाचा आणि औषधांचा उद्योग अवाढव्य झाला, तरी त्या शर्यतींमधले ते दोन्ही विक्रम शाबूत आहेत. एका असामान्य घोड्यावरून सिद्धान्त बांधू नये हे खरं. ब्रिटनमधल्या दीडशेहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विशेषतः छोट्या पल्ल्याच्या शर्यतींत, घोडे हळूहळू वेगवान होत गेल्याचं दिसलं. पण पैदास, बसण्याची ढब, मैदानं असं बरंच काही त्या काळात बदललं. त्याचं श्रेय पावडरच्या डब्याला देता येत नाही.

मग कशानेच फरक पडत नाही का? पडतो, आणि ती गोष्ट जास्त गंभीर आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये काही अमेरिकन प्रशिक्षक मरगळलेले घोडे अचानक जिंकून दाखवू लागले. जॉर्ज लॅम्बटन या इंग्रज प्रशिक्षकाला संशय होता की घोड्यांना उत्तेजक दिलं जातं. त्या वेळी त्याला बंदी नव्हती. अधिकारी ऐकेनात, तेव्हा लॅम्बटनने त्यांना आगाऊ सांगून आपल्याच तबेल्यातल्या नावडत्या, आळशी घोड्यांना तेच द्रव्य दिलं. ते घोडे असे पळाले की अधिकाऱ्यांचा विश्वास बसला आणि १९०३ मध्ये जॉकी क्लबने अशा द्रव्यांवर बंदी घातली. थोड्याच वर्षांत व्हिएन्नात घोड्याच्या लाळेतून अशी द्रव्यं ओळखण्याची चाचणी तयार झाली. कोकेनसारखी उत्तेजकं चालतात, यात शंका नाही. ती स्नायूला नवी ताकद देत नाहीत. 'आता थांब' हा शरीराचा निरोप ती मेंदूपर्यंत पोहोचू देत नाहीत.

फ्युरोसेमाइड हे दुसरं खरोखर चालणारं औषध. भरधाव घोड्याच्या फुप्फुसातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर इतका दाब येतो की त्यातून रक्त येतं. हे औषध तो रक्तस्राव कमी करतं, हे दक्षिण आफ्रिकेत १६७ घोड्यांवर केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नीट सिद्ध झालं. पण ते लघवी वाढवणारंही औषध आहे. ते दिलेला घोडा तासाभरात कित्येक लिटर पाणी गमावतो आणि हलका होतो. अमेरिकेतल्या हजारो घोड्यांच्या निकालांची १९९९ मध्ये तपासणी झाली, तेव्हा फ्युरोसेमाइड दिलेले घोडे सहा फर्लांगांमागे साधारण अर्धा ते एक सेकंद लवकर पोहोचत असल्याचं आढळलं. शर्यतीच्या हिशोबात हा मोठा फरक आहे. तो कुठून आला? थोडा फुप्फुसाच्या आरामातून, थोडा शरीरातून काढून टाकलेल्या पाण्यातून. पटाआधी बैलाला तहानलेला ठेवणाऱ्यांची समजूत हीच असते. पण फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, टेम्पोत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या बैलाचं पाणी तोडणं म्हणजे त्याला उष्माघाताच्या तोंडी देणं आहे.

तिसरा प्रकार वेदनाशामकांचा. १९६८ ची केंटकी डर्बी डान्सर्स इमेज या घोड्याने जिंकली आणि नंतर फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक आढळल्याने बक्षीस गमावलं. २०२१ मध्ये मेडिना स्पिरिट तिथेच पहिला आला. त्याच्या नमुन्यात बीटामेथाझोन सापडलं आणि २०२२ मध्ये त्याचा विजय रद्द झाला. तोवर तो घोडा जिवंतही नव्हता, डिसेंबर २०२१ मध्ये सरावानंतर तो कोसळला होता. त्याच्या मृत्यूचं नेमकं कारण शवविच्छेदनातही ठरलं नाही, म्हणून औषधाशी त्याचा संबंध जोडणं योग्य नाही. पण वेदनाशामक दिलेल्या जनावराबद्दल एक गोष्ट पशुवैद्यकात पक्की आहे. दुखरा पाय जनावर जपून टाकतं, दुखणं लपवलं की तो पूर्ण जोराने टाकतं. मग हाडातली केसाएवढी चीर वाढून हाडच मोडतं.

चामोर्शीत या वेदनाशामकांची गोष्ट जनावरापाशी थांबत नाही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून उघड झालं. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं तोवर नव्याण्णव टक्क्यांहून जास्त नाहीशी झाली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवर. गडचिरोलीच्या वनविभागाने गिधाडांसाठी मेलेली गुरं टाकण्याच्या जागा राखल्या, त्यांना लोक 'गिधाडांचं उपाहारगृह' म्हणतात. ज्या जिल्ह्यात हे पक्षी उरावेत म्हणून माणसं एवढी झटली, तिथे लंगडा बैल पटात उभा करण्यासाठी माणसांच्या औषधाची कुपी फोडणं मला असह्य वाटतं. बैलाला खरंच दुखत असेल तर मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध आहे. ते डॉक्टरकडून घ्यावं, आणि त्या दिवशी बैल पटात नसावा.

'व्हिटॅमिनच तर आहे' हा युक्तिवादही तपासून घेऊ. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात पोलोच्या मोठ्या सामन्याआधी एका संघाच्या घोड्यांना जीवनसत्त्वं आणि क्षार यांचं मिश्रण टोचलं गेलं. औषध बनवताना त्यात सेलेनियम कित्येक पटींनी जास्त पडलं होतं. काही तासांत २१ घोडे मेले. सेलेनियम हा शरीराला लागणाराच क्षार आहे, पण लागतो तो मिलिग्रॅमच्या हिशोबात. त्याच्या लागणाऱ्या आणि मारणाऱ्या मात्रेतलं अंतर फार थोडं आहे.

आणि खुराकात नको ते मिसळण्याची भीतीही खरी आहे. २०१४ मध्ये ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांच्या एस्टिमेट या घोडीच्या नमुन्यात मॉर्फिन सापडलं. ते खाद्यातून आल्याचं मानलं गेलं. धोतऱ्याचं झाड चाऱ्यात कापलं गेल्याने घोड्यांच्या चाचण्या बिघडल्याची उदाहरणंही अमेरिकेत आहेत. धोतरा आपल्या बांधाबांधावर आहेच.

आता बैल. घोड्यावरच्या या साऱ्या माहितीतली एक मूळ गोष्ट बैलाला लागू पडत नाही आणि खुराकाचा बराचसा निकाल तिथेच लागतो. घोड्याचं पोट लहान, दहा-पंधरा लिटरचं. खाल्लेलं पीठ, प्रथिनं, साखर आधी त्याच्या लहान आतड्यात पचून रक्तात जातात, आणि उरलेला चोथा मागच्या मोठ्या पिशवीत आंबतो. बैलाचं उलट आहे. त्याने खाल्लेला प्रत्येक घास आधी पहिल्या पोटात, शंभर लिटरच्या आसपासच्या त्या कोठीत पडतो. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव तो घास आधी खातात. अंड्यातली प्रथिनं, बदामातली प्रथिनं, क्रिएटिन, साखर यांची बरीच मोडतोड होऊन त्यांच्यापासून आम्लं, वायू आणि सूक्ष्मजीवांचं स्वतःचं शरीर तयार होतं. बैलाला मिळतं ते मुख्यतः त्या आम्लांचं आणि सूक्ष्मजीवांचं अन्न. म्हणजे वीस रुपयांची ढेप आणि दोनशे रुपयांचे बदाम यांच्यातलं अंतर बैलाच्या पोटात फार उरत नाही.

अंतर उरत नाही एवढंच असतं तर नुकसान फक्त खिशाचं झालं असतं. पण पटाच्या आदल्या रात्री प्रेमाने चारलेलं परातभर पीठ आणि गुळाचे खडे त्या कोठीत भयंकर वेगाने आंबतात. लॅक्टिक आम्ल वाढतं. एरवी सहा-सातच्या आसपास असणारा सामू साडेपाचच्या खाली गेला की चारा पचवणारे सूक्ष्मजीव मरतात आणि बैल सुस्तावतो, चारा सोडतो, पातळ हगतो. याच आम्लाच्या विषाने पुढे खुरांच्या आतला मऊ भाग सुजतो आणि बैल अनेक महिने पाय उचलत-टेकत राहतो. तुपाचंही तसंच. एकूण आहारात स्निग्धाचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांपुढे गेलं की तणस पचवण्याची ताकद घटते. आणि शंकरपटाची धाव तर काही सेकंदांची. त्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूत आधीच साठलेली असते. सकाळी चारलेलं त्या धावेपर्यंत स्नायूत पोहोचतच नाही. ते फक्त पोटातलं वजन म्हणून बैलाबरोबर पळतं.

बैलाचं शरीर पळण्यासाठी आहे का, हा प्रश्न न्यायालयातही गेला. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने बैलाला प्रदर्शनात वापरण्यास मनाई झाली आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. घोड्यासारखं पळणं ही बैलाच्या शरीराची घडण नाही, असं त्या निकालात म्हटलं होतं. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, उच्च न्यायालयाने त्यावर स्थगिती आणली. मग राज्याने पशुवैद्यकांची समिती नेमली, तिने बैल पळू शकतो असा अहवाल दिला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. बैल पळतो हे डोळ्यांना दिसतं. पण त्याच्या वजनाच्या मानाने फुप्फुसं लहान, प्लीहेचं राखीव कोठार घोड्याएवढं नाही, आणि पोटातली कोठी फुप्फुसावर रेटा देते. म्हणून तो थोडं अंतर झपाट्याने जातो आणि लवकर धापा टाकतो. धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब असू नये, तुतारी-पराणी, चाबूक, शेपूट पिरगाळणं चालणार नाही, अशा अटी नियमांत आहेत त्या याच कारणाने योग्य आहेत. जनावरांचे खेळ-प्रदर्शन यासंबंधीच्या २००१ च्या केंद्रीय नियमांत तर गुंगीची औषधं, स्टेरॉइड किंवा ताकद वाढवणारी कृत्रिम द्रव्यं देण्याला सरळ मनाई आहे. पटावरचा डॉक्टर मात्र डोळ्यांनी आणि स्टेथोस्कोपने दिसेल तेवढंच तपासू शकतो. रक्तातलं औषध त्याला तिथे दिसत नाही. त्या बाबतीत सगळी भिस्त मालकाच्या सचोटीवर.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे खुराक बंदच करायचा? नाही. घोड्याच्या आणि चामोर्शीच्या बैलाच्या स्थितीत आणखी एक फरक आहे, आणि तो बैलाच्या बाजूचा आहे. शर्यतीच्या घोड्याला तबेल्यात सगळंच मिळतं, म्हणून त्याच्यात भर घालायला जागा नसते. आपल्या बैलाचा वर्षभराचा आधार धानाचं तणस. त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, फॉस्फरस कमी, सिलिका भरपूर, आणि असलेलं कॅल्शियम ऑक्झलेटमध्ये अडकलेलं. झाडीपट्टीतली कठाणी ही चिखलात राबणारी लहान, काटक जात याच चाऱ्यावर तगली, पण तगणं वेगळं आणि भरणं वेगळं. अशा बैलाला क्षारमिश्रण रोज तीस-चाळीस ग्रॅम दिलं तर त्याचा खरा उपयोग होतो, कारण इथे कमतरता खरी असते. गंमत बघा, घोड्यात फुकट गेलेला कोबाल्ट याच मिश्रणात अगदी कणभर असतो आणि तो लागतोच. बैलाच्या पोटातले सूक्ष्मजीव त्यापासून बी-१२ जीवनसत्त्व बनवतात.

तणसच सुधारता येतं. शंभर किलो तणसीला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा, थर दाबून प्लास्टिकने हवाबंद झाकावं आणि एकवीस दिवसांनी उघडावं. चारण्याआधी वास उडेपर्यंत मोकळं पसरावं. चारा मऊ होतो, प्रथिनं जवळजवळ दुप्पट होतात. कोरडा किंवा न विरघळलेला युरिया जनावराला मारतो, म्हणून हे काम पहिल्यांदा करताना पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाला बोलवावं. बैलाला हे खाद्य थोडं थोडं वाढवत, दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर आणावं. त्याबरोबर दिवसाला किलो-दीड किलो ढेप-चुनी, दोन वेळांत वाटून. पटाचा खुराक म्हणायचा तर हा आहे, आणि तो कार्तिकात सुरू व्हायला हवा.

सराव, नाल, जोडीचा मेळ यांचा वेगावर होणारा परिणाम कोणत्याही डब्यापेक्षा मोठा आहे. एक बैल अर्धा पाऊल मागे राहिला तर छकडा तिरपा जातो आणि दोघांचीही ताकद जुवाशी झगडण्यात जाते. ही विद्या पटावरच्या जुन्या धुरकऱ्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त येते, म्हणून तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

एका गोष्टीकडे मात्र तेही दुर्लक्ष करतात. चामोर्शी हा पाण्याचा तालुका आहे. वैनगंगा, बोड्या, तळी, पावसाळाभर भरलेल्या बांध्या. या पाण्यात लहान गोगलगायी असतात आणि त्यांच्या शरीरात यकृतकृमीची पिल्लं वाढतात. ती गोगलगायीतून बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला चिकटतात, बैल ते गवत खातो. कृमी आतड्यातून यकृतात शिरतात, तिथे रक्त पितात, पित्तनलिकेत ठाण मांडतात. बैल बाहेरून ठीक दिसतो, फक्त लवकर दमतो. आजार वाढला तर डोळ्यांची आतली बाजू पांढुरकी पडते, जबड्याखाली पाणी भरून सूज येते. जंगलकाठच्या गावांत गोमाश्यांमुळे होणारा सर्रा आणि गोचिडांमुळे होणारे रक्ताचे आजार यांचीही हीच सुरुवात असते: ताप येऊन जातो, रक्त कमी होतं, दम तुटतो. अशा बैलाला बदाम चारणारा मालक मी पाहिला की मन कळवळतं, कारण त्याने खर्चलेल्या पैशांच्या विसाव्या हिश्शात त्याचं काम झालं असतं. घोड्याच्या तबेल्यात लोकांनी रक्त वाढवण्यासाठी नाना विषं टोचली. इथे फक्त रक्त पिणारा काढून टाकायचा असतो, आणि हिमोग्लोबिन भरून यायला महिना-दोन महिने द्यायचे असतात.

त्यासाठी औषध आधी नाही, तपासणी आधी. बाजारात सर्वांत सहज मिळणारं आयव्हरमेक्टिन यकृतकृमीवर चालत नाही, आणि काही औषधं फक्त वाढलेल्या कृमींवर चालतात, लहानांवर नाही. बैलाने टाकलेलं ताजं शेण, जमिनीला न लागलेल्या वरच्या भागातून, मूठभर, स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. गाळ बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की यकृतकृमीची पिवळसर, टोकाला झाकण असलेली अंडी दिसतात. पावसाळ्याच्या शेवटी शिरलेल्या कृमींना अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला तीन-चार महिने लागतात. त्यामुळे मार्गशीर्षात केलेली तपासणी निर्दोष आली तरी माघात ती पुन्हा करावी.